साडेबारा लाखांवर थांबताना

‘कौन बनेगा करोडपती’च्या २०१९ मधील अकराव्या पर्वात मी हॉट सीटवर बसले, बारा प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली आणि तेराव्या, म्हणजे २५ लाखांच्या प्रश्नावर खेळ सोडून १२ लाख ५० हजार रुपये घेऊन परत आले. तेव्हापासून भेटणारा प्रत्येक जण मला दोनच गोष्टी विचारतो. अमिताभ बच्चन प्रत्यक्षात कसे आहेत, ही पहिली, आणि तेराव्या प्रश्नाला का थांबलात, ही दुसरी. पहिलीचे उत्तर एका वाक्यात देता येते, की टीव्हीवर जितके शांत आणि आदबशीर दिसतात तितकेच ते समोर बसल्यावर वाटतात. दुसरीचे उत्तर मात्र उभ्या उभ्या देता येत नाही, कारण मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते आणि तो निर्णय गणिताशिवाय सांगणे मला जमत नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या खेळाचे मूळ ब्रिटनमधले. तिथे तो सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झाला आणि ३ जुलै २००० रोजी ‘स्टार प्लस’वर त्याची हिंदी आवृत्ती आली. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी एक कोटी जिंकले. ते सनदी सेवांच्या परीक्षांचा अभ्यास करणारे तरुण होते, आणि आमच्यासारख्या मराठी घरांमध्ये त्या एका भागाचा परिणाम असा झाला, की सामान्यज्ञानाच्या पुस्तकांकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागले. पुढे कार्यक्रम ‘सोनी’वर गेला, बक्षिसे वाढली. २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली मराठी आवृत्ती सुरू झाली, आणि २०१९ मध्ये, म्हणजे मी हिंदी खेळात होते त्याच वर्षी, मराठीत ती जागा नागराज मंजुळे यांच्याकडे होती. हिंदीच्या त्याच अकराव्या पर्वात अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी एक कोटी जिंकले. मोठ्या शहरात राहणाऱ्या, इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माणसांचाच हा खेळ आहे, असा समज आमच्या गावात होता. ताडेबाईंनंतर तो कोणी बोलून दाखवलेला मी ऐकला नाही.

निवडीची पद्धत त्या वर्षी अशी होती. मे महिन्यात रोज रात्री दूरचित्रवाणीवर एक प्रश्न विचारला जाई आणि त्याचे उत्तर एसएमएसने किंवा अ‍ॅपवरून पाठवायचे असे. बरोबर उत्तरे देणाऱ्यांची संख्या इतकी मोठी असते, की पुढची निवड संगणक करतो, आणि या टप्प्यावर ज्ञानापेक्षा नशिबाचा भाग अधिक असतो, हे मान्य करावेच लागेल. पूर्वीही मी अनेकदा उत्तरे पाठवली होती आणि काही झाले नव्हते. यावेळी फोन आला, फोनवर आणखी काही प्रश्न विचारले गेले आणि त्यानंतर प्रत्यक्ष चाचणीचे बोलावणे आले. चाचणीला लेखी प्रश्नपत्रिका होती आणि मग मुलाखत. मुलाखतीत ज्ञान तपासले जात नव्हते. घरी कोण आहे, पैसे मिळाले तर काय कराल, आयुष्यात काय घडले आहे, असे विचारत होते. काहींना हे खटकते, परंतु मला त्यात गैर वाटले नाही. दूरचित्रवाणीचा कार्यक्रम आहे, आणि समोर बसलेला माणूस मोकळेपणाने बोलू शकतो की नाही हे पाहणे त्यांना आवश्यकच असते.

तयारीबद्दल मात्र मला थांबून लिहायचे आहे, कारण बहुतेक जण ती चुकीच्या जागी करतात असे माझे मत आहे. मी स्वतः काही वर्षे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केलेला होता, त्यामुळे राज्यघटना, इतिहास आणि भूगोल यांचा पाया बरा होता. अशा वेळी माणूस आणखी पुस्तके आणतो आणि आणखी पाठ करतो. पण हा खेळ थोडा बारकाईने पाहिला, तर लक्षात येते की हॉट सीटवर बसलेला माणूस फार थोड्या वेळा निव्वळ अज्ञानामुळे हरतो. ज्याचे उत्तर मुळीच माहीत नाही, तिथे तो लाइफलाइन वापरतो किंवा खेळ सोडतो. तो हरतो तो ‘बहुधा माहीत आहे’ अशा प्रश्नावर. म्हणजे स्वतःला किती खात्री आहे, याचे माप चुकले की खाली यावे लागते. मग अभ्यासच त्या मापाचा करायला हवा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीत वाहक होते आणि निवृत्तीनंतर वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची त्यांची सवय आहे. ते संध्याकाळी प्रश्न विचारत आणि मी उत्तरासोबत खात्रीचा आकडा सांगत असे, की हे नव्वद टक्के, हे साठ टक्के, हे पन्नास टक्के. अण्णा दोन्ही गोष्टी वहीत उतरवत आणि नंतर बरोबर-चूक अशी खूण करत. वही थोडी भरल्यावर मी तिचा हिशेब मांडला. शंभर टक्के म्हटलेली उत्तरे खरोखरच जवळजवळ सगळी बरोबर होती. नव्वद टक्के म्हटलेल्यांपैकी मात्र चारातली तीनच बरोबर निघत होती, म्हणजे ‘जवळजवळ नक्की’ असे मला वाटते तेव्हा ते पुरेसे नक्की नसते. आणि दोन पर्याय उरले असता मन एका बाजूला झुकते, अशी जी उत्तरे होती, त्यांत मी निम्म्यापेक्षा किंचितच अधिक वेळा बरोबर ठरत होते. तो झुकाव जवळजवळ निरुपयोगी होता. पुढे तेराव्या प्रश्नावर मी जो निर्णय घेतला, त्याला या वहीचा आधार होता.

तयारीचा दुसरा भाग ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’चा. दहा स्पर्धक अर्धवर्तुळात बसलेले असतात, एक प्रश्न येतो, चार पर्याय योग्य क्रमाने लावायचे असतात आणि सर्वांत कमी वेळात बरोबर क्रम लावणारा हॉट सीटवर जातो. चार गोष्टी चोवीस प्रकारे मांडता येतात, त्यामुळे अंदाजाने क्रम बरोबर येण्याची शक्यता चोवीसात एक एवढीच आहे. परंतु पहिला आणि शेवटचा पर्याय नक्की करता आला, तर उरतात फक्त दोन शक्यता. म्हणून मी दोन टोके आधी शोधण्याचा सराव केला. अण्णा कागदाच्या चिठ्ठ्यांवर चार नावे लिहून समोर ठेवत. मिरज, सोलापूर, पुणे, नाशिक ही गावे दक्षिणेकडून उत्तरेकडे, किंवा चार घटनादुरुस्त्या कालक्रमाने. गावांच्या क्रमात अण्णांना नकाशाची गरजच पडत नसे, कारण त्या रस्त्यांवर त्यांची नोकरी झालेली होती. बोटांची सवयही लागते. उत्तर डोक्यात तयार असूनही चार कळा योग्य क्रमाने दाबताना बोट अडखळते, आणि इथे वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते.

चित्रीकरण गोरेगावच्या चित्रनगरीत होते. येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय स्पर्धकासाठी आणि सोबतच्या एका माणसासाठी केली जाते. माझ्यासोबत अण्णा आले. आधी आमच्या घरी आणि महाविद्यालयात येऊन छोटी चित्रफीत तयार केली गेली होती. मुंबईत पोहोचल्यावर कागदपत्रांची तपासणी, करारावर सह्या, कपड्यांची निवड, रंगभूषा अशी कामे एकामागून एक चालतात. बारीक रेघांचे कपडे कॅमेऱ्यात थरथरतात, म्हणून माझी एक साडी बाजूला ठेवली गेली. मोबाइल फोन काढून घेतले जातात आणि मग जवळपास सगळा दिवस आपण आणि इतर नऊ जण एवढेच जग उरते.

त्या नऊ जणांविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून मला लिहावेसे वाटते. आम्ही एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतो, पण प्रतीक्षेच्या खोलीत एकमेकांना प्रश्न विचारून सराव करत होतो. उत्तर प्रदेशातील एक तरुण मला हिंदी म्हणी सांगत होता, कारण पहिल्या पाच प्रश्नांत म्हणी आणि वाक्प्रचार हमखास येतात आणि मराठी माणूस घटनेच्या कलमांपेक्षा तिथेच अडकतो. त्याच्या बदल्यात मी त्याला अवघड अपूर्णांकांची तुलना पटकन कशी करायची ते दाखवले. यांतील कित्येकांनी वर्षानुवर्षे तयारी केलेली होती आणि त्यांच्यापैकी सगळ्यांना हॉट सीट मिळणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते. जे अर्धवर्तुळातूनच परत जातात, त्यांच्या हाती काही लागत नाही असे प्रेक्षकांना वाटते. पण त्यांच्या ज्ञानात आणि हॉट सीटवर जाणाऱ्याच्या ज्ञानात पुष्कळदा अर्ध्या सेकंदाचाच फरक असतो, हे मी तिथे बसून पाहिले आहे.

चित्रीकरणापूर्वी यंत्राचा सराव करून घेतात. मग दिवे लागतात, प्रेक्षक बसतात, संगीत वाजते, आणि घरी पडद्यावर पाहिलेली ती जागा प्रत्यक्षात अधिक थंड आणि अधिक उजेडाची आहे हे कळते. पहिल्या वेळी माझा क्रम बरोबर होता, पण दुसरी स्पर्धक माझ्यापेक्षा जलद होती. ती गेली आणि आम्ही उरलेले पुन्हा तयार झालो. माझ्या वाट्याला जो प्रश्न आला, त्यात चार पंतप्रधान पदावर आल्याच्या क्रमाने लावायचे होते. चंद्रशेखर, मोरारजी देसाई, विश्वनाथ प्रताप सिंग आणि चरणसिंग. मोरारजी १९७७ मध्ये आले, हे पहिले टोक. चंद्रशेखर १९९० मध्ये, हे दुसरे. मधले दोघे, चरणसिंग १९७९ आणि विश्वनाथ प्रताप सिंग १९८९, आपोआप जागेवर बसले. पडद्यावर माझे नाव हिरवे झाले. त्यानंतर हॉट सीटपर्यंतचे काही क्षण मला नीट आठवत नाहीत. अण्णा उभे राहून टाळ्या वाजवत होते, एवढे आठवते.

खेळाची शिडी सर्वांना परिचित आहे, तरी पुढच्या हिशेबासाठी ती इथे मांडणे भाग आहे. त्या पर्वात पाचव्या प्रश्नाला १० हजारांचा पहिला पडाव होता आणि दहाव्या प्रश्नाला ३ लाख २० हजारांचा दुसरा. त्यानंतर ६ लाख ४० हजार, १२ लाख ५० हजार, २५ लाख, ५० लाख, एक कोटी आणि शेवटी सात कोटी. पहिल्या पाच प्रश्नांना ४५ सेकंद, पुढच्या पाचांना ६० सेकंद, आणि दहाव्यानंतर घड्याळ नव्हते. चुकीचे उत्तर दिले की मागच्या पडावाच्या रकमेवर यायचे. त्या पर्वात चार लाइफलाइन होत्या, ऑडियन्स पोल, फिफ्टी-फिफ्टी, तज्ज्ञांचा सल्ला आणि प्रश्न बदलून घेणे.

माझा बेत घरूनच ठरलेला होता. लाइफलाइन मोठ्या प्रश्नांसाठी राखून ठेवायच्या नाहीत, दुसरा पडाव ओलांडण्यासाठी हव्या तितक्या खर्च करायच्या. याचे कारण असे, की दहाव्या प्रश्नावर हातात १ लाख ६० हजार असत आणि चुकले तर १० हजारांवर यावे लागे. दीड लाख गमावण्याचा तो धोका शिडीच्या मधोमध उभा होता. उलट दहावा प्रश्न पार केला, की अकरावा प्रश्न अक्षरशः फुकट होता. चुकले तरी ३ लाख २० हजार राहत, थांबले तरी तेवढेच. तिथे उत्तर न देता परत जाणे कोणत्याही हिशेबात बसत नाही, तरीही काही स्पर्धक अकराव्यावर घाबरून थांबताना मी पाहिले आहेत आणि दर वेळी मला वाईट वाटले आहे.

पहिले पाच प्रश्न सुरळीत गेले. आठव्याला चित्रपटसंगीतावरचा प्रश्न आला आणि मी ताबडतोब प्रेक्षकांना विचारले. गाणी, सिनेमा, खाद्यपदार्थ, सणवार या विषयांत प्रेक्षकांचे बहुमत फारच विश्वासार्ह असते, आणि जसजसा प्रश्न पुस्तकी होत जातो तसतसे ते विखुरत जाते. म्हणून ती लाइफलाइन लवकर वापरावी असे मला वाटते. दहाव्याला विचारले गेले, की ड्युरँड चषक ही फुटबॉल स्पर्धा पहिल्यांदा कोणत्या शहरात खेळली गेली. फिफ्टी-फिफ्टी घेतल्यावर कोलकाता आणि शिमला उरले. फुटबॉल म्हटले की कोलकाता, असे मन सांगत होते. पण ते मन म्हणजे वहीतला तोच निरुपयोगी झुकाव होता, आणि मी प्रश्न बदलून घेतला. उत्तर शिमला होते. १८८८ मध्ये ती स्पर्धा तिथे सुरू झाली. बदलून आलेल्या प्रश्नात मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी घटनादुरुस्ती विचारली होती. ती एकसष्टावी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्या कोणालाही झोपेत सांगता येईल अशी. दुसरा पडाव पार झाला.

अकरावा प्रश्न मराठी माणसासाठी भाग्याचा होता. खाशाबा जाधव यांनी कुस्तीतले कांस्यपदक कोणत्या शहरातील ऑलिम्पिकमध्ये मिळवले? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा आणि १९५२ चे हेलसिंकी ही जोडी आमच्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. सूत्रधारांच्या दृष्टीने तो ६ लाख ४० हजारांचा कठीण प्रश्न होता, माझ्या दृष्टीने पाच हजारांचाही नव्हता. प्रश्नाची काठिण्यपातळी माणूस कुठून आला आहे यावर इतकी अवलंबून असते, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या ‘सोप्या’ प्रश्नावर अडकलेल्या स्पर्धकाला घरी बसून हसणे अन्यायाचे आहे.

बाराव्या प्रश्नाबद्दल मात्र तो काढणाऱ्याचे मला मनापासून कौतुक वाटते. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेवर कोणत्या मतदारसंघातून निवडून गेले? पर्याय होते हॉबर्न, सेंट्रल फिन्सबरी, ईशान्य बेथनल ग्रीन आणि उत्तर बॅटरसी. यांतला एकही पर्याय भरतीसाठी घातलेला नाही. हॉबर्नमधून दादाभाई १८८६ मध्ये लढले आणि हरले होते. बेथनल ग्रीनमधून मंचेरजी भावनगरी १८९५ मध्ये, तर बॅटरसीमधून शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये त्याच संसदेवर निवडून गेले, आणि दोघेही भारतीयच. म्हणजे विषय जितका अधिक वाचलेला असेल, तितकी चारही नावे ओळखीची वाटत जातात आणि गोंधळ वाढत जातो. चांगला प्रश्न असाच बांधलेला असतो, त्याचे चुकीचे पर्यायसुद्धा अभ्यासातून आलेले असतात. माझी खात्री सेंट्रल फिन्सबरीबद्दल सत्तर टक्के होती. हिशेबाने इथे ३४ टक्के खात्री पुरेशी होती, कारण ६ लाख ४० हजारांवरून चुकले तर ३ लाख २० हजार जाणार होते आणि बरोबर आले तर ६ लाख १० हजार वाढणार होते. तरीही तज्ज्ञांचा सल्ला शिल्लक होता, तो घेतला. त्यांनी दुजोरा दिला आणि रक्कम साडेबारा लाख झाली.

तेरावा प्रश्न होता, भारतातील कोणत्या उच्च न्यायालयाला सर्वप्रथम महिला मुख्य न्यायमूर्ती लाभल्या? केरळ, दिल्ली, हिमाचल प्रदेश, कोलकाता. उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश अ‍ॅना चंडी, १९५९, केरळ, हे मला पक्के माहीत होते. पण त्या मुख्य न्यायमूर्ती नव्हत्या, म्हणून केरळ गेले. पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती म्हणजे लीला सेठ, हेही माहीत होते. अडचण अशी, की लीला सेठ यांचे नाव माझ्या डोक्यात दिल्लीशीही जोडलेले होते आणि हिमाचलशीही. दोन्ही ठिकाणी त्या होत्या, पण कुठे न्यायाधीश आणि कुठे मुख्य न्यायमूर्ती, हे मला त्या क्षणी सुटेना. लाइफलाइन संपलेल्या होत्या. घड्याळ नव्हते. मी बराच वेळ घेतला, आणि तो शांतपणे घेऊ दिला गेला.

त्या वेळात मी जे गणित केले ते असे. सरासरीच्या भाषेत, १२.५ लाख हातात असताना बरोबर आले तर १२.५ लाख वाढणार, चुकले तर ९.३ लाख जाणार. दोन्ही बाजू समान व्हायला साधारण ४३ टक्के खात्री लागते. माझी खात्री पन्नास होती. म्हणजे सरासरी सांगत होती, खेळा. पुढच्या पायऱ्यांनाही हाच नियम लावला, तर ५० लाखांच्या प्रश्नाला ४७ आणि एक कोटीच्या प्रश्नाला ४८ टक्के लागतात. सात कोटींच्या प्रश्नाला तर केवळ १४ टक्के पुरतात, म्हणजे डोळे मिटून चारांतला एक पर्याय निवडणेही सरासरीला मान्य आहे. तरीही बबिता ताडे यांनी एक कोटी घेऊन तिथे खेळ सोडला, आणि त्यांना अडाणी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतात. तिथे समतोल नेमका २५ टक्क्यांवर येतो आणि दोन पर्याय उरले असता उत्तर न देणे हे नुकसानच आहे. पण तिथे शंभर प्रश्न असतात. शंभर वेळा घेतलेल्या निर्णयात सरासरी आपल्या बाजूने उभी राहते. हॉट सीटवरचा तेरावा प्रश्न आयुष्यात एकदाच येतो आणि एका प्रसंगाला सरासरी नसते.

गणितज्ञ डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्ये हीच गोष्ट मांडली, की पैशाचे मोल त्याच्या आकड्यावर ठरत नाही, तो कोणाच्या हाती पडतो यावर ठरते, आणि ते मोजायला त्यांनी लॉगॅरिदम वापरले, म्हणजे आधीची पुंजी जितकी मोठी, तितके वाढीव रुपयाचे मोल कमी धरले. त्या पद्धतीने, करवजा रकमा आणि आमच्या घरची सुमारे पाच लाखांची पुंजी धरून घरी आल्यावर मी पुन्हा हिशेब केला, तर समतोल ४३ वरून ५६ ते ५७ टक्क्यांवर जातो. हा नेमका आकडा खुर्चीत बसून काढता येत नाही. पण साडेबारा लाखांत आमच्या घराच्या कर्जाचा मोठा भाग फिटतो आणि सव्वातीन लाखांत फिटत नाही, हे तिथेही स्पष्ट होते, आणि पन्नास टक्के त्यासाठी कमी आहेत हेही. मी क्विट करत असल्याचे सांगितले.

खेळ सोडल्यावर अंदाज विचारला जातो. मी हिमाचल प्रदेश म्हणाले, आणि ते बरोबर होते. लीला सेठ १९७८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या आणि १९९१ मध्ये हिमाचल प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्ती. प्रेक्षकांतून हळहळीचा आवाज आला. भाग प्रसारित झाल्यावर गावातही तीच हळहळ ऐकली, आणि अजून ऐकते. मला त्याचे दुःख नाही, हे मी अगदी मनापासून लिहीत आहे. निर्णय बरोबर होता की नाही हे निर्णयाच्या वेळी हातात काय होते यावर ठरते, नंतर पडदा काय दाखवतो यावर नाही. नाणे उडवून छापा आला, तर आधी छाप्यावर घर लावायला हवे होते असे आपण म्हणत नाही.

चित्रीकरण आणि प्रसारण यांच्या मधल्या काळात निकाल कोणालाही सांगायचा नसतो. वर्गात मुले रोज विचारत आणि मी पुढचे प्रमेय सुरू करत असे. पैशांबाबत एक गोष्ट स्पर्धकांनी आधीच जाणून घ्यावी. अशा बक्षिसावर ३० टक्के कर कापूनच रक्कम मिळते, आणि विवरणपत्र भरताना त्यावरचा ४ टक्के उपकर धरला की एकूण ३१.२ टक्के होतात. त्याला वजावटी लागू होत नाहीत आणि करमुक्त उत्पन्नाची मर्यादाही लागू होत नाही. म्हणजे साडेबारा लाखांचे हातात साधारण ८ लाख ६० हजार राहतात. ते कर्जखात्यात भरले.

पुढच्या वर्षी अकरावीच्या वर्गात लॉगॅरिदम शिकवताना मी हाच तेरावा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि घरची पुंजी प्रत्येकाने वेगवेगळी धरायला सांगितली. एक लाख धरणाऱ्या गटाचा समतोल ६३ टक्क्यांवर आला, पन्नास लाख धरणाऱ्यांचा ४६ टक्क्यांवर. म्हणजे माझ्या जागी दुसऱ्या घरातली बाई असती, तर तिने खेळणे योग्य ठरले असते. त्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाई, पण तुमची खात्री पन्नासच होती, हे तुम्ही कशावरून ठरवलेत?” मी दुसऱ्या दिवशी अण्णांची वही वर्गात नेली. आता घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकेत समासात खात्रीचा आकडा लिहिण्याची पद्धत त्या वर्गाने स्वतःहून सुरू केली आहे. त्याला गुण नाहीत. महिनाअखेरीला मुले आपापला हिशेब मांडतात, आणि नव्वद टक्के म्हटलेली उत्तरे खरोखर किती बरोबर आली, यावर त्यांचा वाद तास संपला तरी चालू राहतो.